जगाचा आर्थिक इतिहास आणि माझा चेहरा

"दोन महिन्यांत आधुनिक अर्थव्यवस्था कोळून पिणार मी!" अशी घोषणा मी रविवारी जेवणाच्या टेबलावर केली, तेव्हा बायको वाढता वाढता थांबली. "आधी ताटातलं संपवा," एवढंच म्हणाली. थोर माणसांच्या घरी असंच होतं!

घोषणेला कारण झाला माझा मेव्हणा. दर रविवारी येतो आणि महागाई का वाढते, कारखाने का बुडतात, हे बोट हवेत नाचवत समजावून सांगतो. त्या दिवशी त्यानं मलाच विचारलं, "भावोजी, इतकी वर्षं बटणांच्या कारखान्यात आहात, सांगा बरं, मंदी म्हणजे काय?" मी म्हणालो, "मंदी म्हणजे... बटणं कमी खपतात." तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. बायकोनं पाणी दिलं, पाठ चोळली. त्याची! माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग मी ठरवलं, ह्याला आजचं तेवढं ठाऊक आहे, आपण मुळापासून धरू. माणसानं पहिल्यांदा बकरी देऊन धान्य घेतलं तिथपासून. ग्रंथालयातून जगाच्या आर्थिक इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ आणला. घरी वाचता येईना, कारण मुलगी व्हायोलिन शिकते. म्हणून ऑफिसात वाचायचं ठरवलं आणि तिथंच घात झाला.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी बटणांच्या कारखान्यात साहेबांचा पीए आहे. साहेबांची केबिन काचेची, आणि तिच्या दारासमोर माझं टेबल. साहेब मोजकंच बोलतात आणि त्यांचा चेहरा म्हणजे बंद दुकानाचं शटर. त्यामुळे ऑफिसातले सगळे येता-जाता माझा चेहरा बघतात. मी खुशीत दिसलो की बोनसची चर्चा सुरू होते. मी कपाळाला हात लावला की रजेचे अर्ज परत खिशात जातात. खरं सांगतो, मला याचा थोडा अभिमानच होता.

ग्रंथ ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर अर्धा उघडा, हातात पेन, नजर खाली. साहेब उठले की पोटानं ड्रॉवर लोटायचा. त्यासाठी लागणारं पोट माझ्याकडे होतंच.

पहिले काही दिवस मजेत गेले. बकऱ्या, मीठ, जहाजं, मसाले! पण पुढे जे सुरू झालं त्याची मला कुणी कल्पनाच दिली नव्हती. मला वाटलं होतं, माणसाची प्रगती कशी झाली ते असेल. इथं तर थोडी पानं उलटली की जग बुडतंय! एका देशात लोक फुलांच्या कंदांमागे इतके वेडे झाले की म्हणे एका कंदाला घराची किंमत आली, आणि मग एक दिवस गिऱ्हाईकच नाही. दुसरीकडे यंत्रमाग आले आणि हातमागाचे कसबी विणकर देशोधडीला लागले. तिसरीकडे पावासाठी ढकलगाडीभर नोटा! प्रत्येक प्रकरण संपलं की मी मान वर करायचो आणि समोर काय दिसायचं? बटणं! विणकरांसारखे आम्ही. कपड्यांना चेन आली, चिकटपट्टी आली, उद्या आणखी काही येईल. माझं घर, मुलीचं शिक्षण, सगळं चार भोकांच्या एका चकतीवर उभं आहे, हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं!

एके दुपारी मी एकोणीसशे एकोणतीसच्या जागतिक मंदीत पार बुडालो होतो. तेवढ्यात आमचे हिशेबनीस, सगळे त्यांना नाना म्हणतात, टेबलापाशी आले.

"काय हो, बरं नाही का?"

"नाना," मी खोल आवाजात म्हणालो, "सगळं कोसळलं!"

"क... काय कोसळलं?"

"सगळंच! माणसं सकाळी नेहमीसारखी कामावर गेली, आणि बघता बघता रस्त्यावर आली. हजारोंनी!"

नानांनी टेबलाची कड धरली. "आधी काही लक्षणं नाही दिसली?"

"दिसतात हो, पण नंतर कळतात. आधी तर सगळे हसत असतात!"

आणि नेमक्या त्याच क्षणी केबिनमध्ये साहेब फोनवर हसले. वर्षातून एकदा हसणारा माणूस! नानांनी काचेतून ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली फाईल खाली पडली.

"कुणाला सांगू नका," मी ड्रॉवर लोटत म्हणालो. मला म्हणायचं होतं, मी ऑफिसात ग्रंथ वाचतो ते सांगू नका.

"नाही, नाही," नाना म्हणाले आणि तेच सांगायला लगबगीनं गेले.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात विचित्र गोष्टी घडू लागल्या. टेलिफोनवर बसणाऱ्या ताई तोंडावर हात धरून कुणाला तरी विचारत होत्या, "तुमच्याकडे जागा आहे का हो एखादी?" पॅकिंगवाल्यांनी आपापले आरसे आणि पाण्याच्या बाटल्या घरी न्यायला सुरुवात केली. नानांनी तर स्वतःच्या खुर्चीवरची उशी नेली! आणि मला आठवलं, ग्रंथात स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांना आतलं ठाऊक असतं ते आधी काढता पाय घेतात.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे ह्यांना काहीतरी ठाऊक आहे! सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे आणि मला, साहेबांच्या पीएला, नाही! आता मी खरोखर घाबरलो. मी घाबरलेला पाहून ते जास्त घाबरले, आणि ते जास्त घाबरलेले पाहून माझी पाचावर धारण बसली.

घरी घास उतरेना.

"अहो, काय झालंय तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"कारखाना बंद होतोय."

"अगंबाई! कोण म्हणालं?"

"कुणीच काही म्हणत नाही, हेच तर लक्षण आहे!"

"मग साहेबांना सरळ विचारा की."

"असं सरळ विचारत नसतात! एवढ्या मोठ्या इतिहासात कुणी विचारलेलं नाही!"

तिनं भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मी केव्हापासून सांगतोय." हा माणूस केव्हापासून काय सांगत होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी धास्तावलो.

शुक्रवारी शर्ट शिवणारी एक मोठी कंपनी आमचा कारखाना बघायला येणार होती. त्यांना नव्या घडणीचं बटण हवं होतं, पुढची कित्येक वर्षं. ही ऑर्डर मिळाली की सगळ्यांची चिंता मिटणार होती. पण नवं बटण म्हणजे नवा साचा, आणि साचा करणारा माणूस आमच्याकडे एकच, मिस्त्री. आणि शुक्रवारी सकाळीच मिस्त्री येऊन साहेबांपुढे उभे राहिले. "भाच्याच्या फर्निचरच्या दुकानात जातोय. आज शेवटचा दिवस."

मिस्त्री बाहेर आले आणि साहेबांनी मला आत बोलावलं. शटर उघडलं होतं. आत आग होती!

"काय चाललंय हे? मिस्त्री निघाले, नाना उशी घेऊन गेले! आणि तुम्ही! मी रोज काचेतून तुमचा चेहरा बघतोय. मला वाटलं, तुम्हाला बाजारातलं काही वाईट कळलंय आणि सांगायला जीभ रेटत नाही. त्या चेहऱ्यापायी मी नवं यंत्र घ्यायचं थांबवलं!"

"म्हणजे... साहेब, कारखाना बंद होत नाहीये?"

"होत नव्हता! आता तो पाहुणा येऊन हे सुतकी चेहरे बघेल, मग होईल! तुम्हाला कळलं काय होतं एवढं?"

"मंदीबद्दल, साहेब."

"कुठल्या मंदीबद्दल?"

"एकोणीसशे एकोणतीसच्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. "बाहेर जा," ते म्हणाले, "मिस्त्रींना थांबवा. आणि हसा!"

मी बाहेर आलो. हसलो. आणि ऑफिसभर सन्नाटा पसरला. ताईंच्या हातातून फोन सुटला. आधी सगळे हसतात, हे मीच तर सांगून ठेवलं होतं!

"अहो, काही बंद होत नाहीये!" मी ओरडलो. "मी इतिहास वाचत होतो!"

"शेवटी असंच सांगतात," नाना म्हणाले.

मिस्त्री एप्रन काढायला लागले. दारातून शर्टवाल्या कंपनीचे मालक आले. मागोमाग हातात बॅग घेतलेला एक हडकुळा माणूस. मालक केबिनमध्ये गेले, हडकुळा माणूस माझ्या टेबलासमोर बसला. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. तो पीए होता! मालक काचेतून त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. हा माणूस आता तोंड पाडणार, ऑर्डर जाणार आणि कारखाना खरंच बुडणार. माझ्यामुळे! मुलीला काय सांगायचं? बाबांनी इतिहास वाचला म्हणून शाळा बदलावी लागली?

मी ड्रॉवर ओढला, ग्रंथ काढला आणि धावत जाऊन मिस्त्रींच्या हातात कोंबला.

"बघा! हे वाचून माझा चेहरा उतरला होता! साल बघा!"

मिस्त्रींनी चष्मा लावला. उघडलेल्या पानावर एक चित्र होतं. हॅट घातलेली माणसं रांगेत उभी.

"ही आपल्याकडची नाहीत?"

"नाहीत!"

"मग आता कुठं असतात ही?"

"मेली हो, मिस्त्री! केव्हाच मेली!"

मिस्त्री क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसले, मग ताई हसल्या, मग पॅकिंगवाले. नानांनी डोळे पुसत विचारलं, "म्हणजे मी उशी उगीच नेली?" आणि सगळे पुन्हा हसले. पाहुण्यांचा हडकुळा पीए इकडेतिकडे बघू लागला, आणि काय विनोद झाला ते न कळताच तोही खुदकन हसला. आत त्याच्या मालकांनी ते पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं.

सगळं ऑफिस हसत होतं. मी एकटा तेवढा हसत नव्हतो. आधी सगळे हसत असतात, हे माझ्या डोक्यातून जाईचना!

ऑर्डर मिळाली. मिस्त्री राहिले. साहेबांनी मला काढलं नाही, फक्त माझं टेबल फिरवलं. आता माझं तोंड भिंतीकडे आणि ऑफिसकडे पाठ. चेहराच दिसला नाही तर भानगड नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही हायसं वाटलं.

पण परवा माझ्या पाठीत उसण भरली. दुपारभर जरा वाकून बसलो होतो. मागे हळूहळू कुजबुज वाढली. ताई फोनवर दबक्या आवाजात म्हणाल्या, "जागा अजून आहे का हो?" मग माझ्या खुर्चीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं, आणि नानांचा कापरा आवाज आला, "आमच्यापासून लपवू नका. ऑर्डर रद्द झाली ना?"

मी मागे वळून "नाही हो!" म्हणणार होतो. पण वळलं की कळ थेट मस्तकात जात होती, आणि त्या वेळचा माझा चेहरा नानांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही!