पान चौदानंतरचं प्रेम

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी ठरवलं, आता अर्धा तास स्वतःसाठी वाचायचं. सगळं तिथून बिघडलं.

कादंबरी शेजारच्या अक्षयाने दिली होती. भुताची प्रेमकथा आहे, दीपालीवहिनी, रडाल, असं म्हणाली होती. (शाळा सातवीत सुटली तरी माझं वाचन सुटलेलं नाही. फक्त ओवी झाल्यापासून औषधाच्या बाटल्याच वाचते.) ओवी माझी दहा महिन्यांची लेक. ती शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. तिला मांडीवर घेऊन चौदा पानं झाली आणि गॅसवरचं दूध आठवलं. तिला गोधडीवर ठेवून धावले. परत येते तो ओवी पुस्तकाशी खेळत अगदी शांत. मी सासूबाईंना कौतुकाने सांगितलं, पोरीला आत्तापासून पुस्तकाची गोडी आहे.

कादंबरी पुढे मात्र काही जमली नाही. नायिका सुट्टीत समुद्राकाठच्या बंगल्यात येते. माडाखाली तिला दोनशे वर्षांपूर्वी बुडालेला खलाशी दिसतो. ती किंचाळते. आणि लगेच पान उलटलं की त्याच्यासाठी ठरलेलं लग्न मोडते. अहो, मध्ये काही? आमचं लग्न ठरताना ह्यांनी चार वेळा येऊन पोहे खाल्ले होते, आणि हे तर जिवंत. शिवाय ते भूत ना नारळ मागत, ना कोंबडा. आमच्या वाडीत असल्याला कोणी भूत म्हणणार नाही.

त्याच संध्याकाळपासून ओवीने तोंड मिटलं. नाचणीचं सत्त्व नाही, मऊ भात नाही. चमचा पुढे केला की मान फिरवून रडायची. बुधवारीही तेच. मी चमचा धरून तिच्यामागे, आणि माझ्या डोळ्यांना धार. तेवढ्यात अक्षयाचा फोन आला. कादंबरी कशी वाटली विचारलं, तर मी सगळा राग त्या पुस्तकावर काढला, ह्यात प्रेम कुठेय म्हणून. म्हटलं, तो तिला एकटीलाच दिसतो, रोज तिन्हीसांजेला येतो, आणि तो आल्यापासून तिने अन्न सोडलंय.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना वाटलं, मी ओवीचंच सांगत्ये.

त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका कोणालाच आला नाही, म्हणजे प्रकरण जबरदस्त. (मिरच्या दोन वर्षांपूर्वीच्या होत्या, हे मी तेव्हा बोलले नाही.) मग त्यांनी मुंबईला ह्यांना फोन लावला. आवाज नीट जात नव्हता म्हणून थोडक्यात सांगितलं, "स्वरूप, तिचं बाहेरचं हाय रे. तिन्हीसांजेला येतो तो. तू ये."

आता बाहेरचं म्हणजे आमच्याकडे भूतबाधा. पण मुंबईत बारा वर्षं काढलेल्या माणसाला त्यातून दुसरंच कळतं.

गुरुवारी सकाळी हे दारात. बॅग खांद्यावरच.

"कोण आहे तो?"

माझ्या हातात पुस्तक, परत द्यायला निघाले होते. मला वाटलं, त्याचंच विचारतात.

"खलाशी आहे," मी म्हटलं.

"कुठला?"

"किनाऱ्यावरचाच. पण मला नाही हो पटलं ते प्रेम."

हे ओटीवर खालीच बसले. "आईला माहितीये सगळं?"

"त्यांनी तर मिरच्या उतरवल्या."

"वय काय त्याचं?"

"दोनशे."

तेव्हा कुठे ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग तिघांनी मिळून ओवीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बाहेरचं काही दिलंत का. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"दिलं नाय हो, लागलंय," सासूबाई म्हणाल्या. "कालपासून तेच सांगत्ये."

डॉक्टरांनी ओवीच्या तोंडात बॅटरी मारली. टाळूला काहीतरी चिकटलेलं. चिमट्याने अलगद सोडवलं, उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं, "'प्रिये, तुझ्यावा...' पुढचं फाटलंय."

घरी येऊन ओवीने वाटीभर भात खाल्ला आणि वाटी चाटली. मी देवाला साखर ठेवली. ह्यांनी कादंबरी उघडली. चौदानंतर एकदम तेवीस. (मी पानांचे आकडे बघत नाही, गोष्ट बघते.) बाकीचे तुकडे पाळण्याखालच्या गोधडीत निघाले. हे दुपारभर जमिनीवर बसून ते जुळवत होते. एका तुकड्याशी थांबले आणि चक्क डोळे पुसले.

"अगं, सात संध्याकाळी तो पाण्यात कंदील धरून उभा राहतो तिच्यासाठी," म्हणाले. "पटतंय की."

पण अक्षयाने तोवर भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं, की दीपालीवहिनी म्हणतात, त्या पुस्तकात प्रेमच नाही. आता कोणी ते हातात धरत नाही. तेव्हा त्यांच्यातली कोणी तुम्हाला बाजारात भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. प्रेम होतं. चांगलं आठ पानं होतं. ओवीने खाल्लं.