चहाशेजारी रॉकेल

नरूकाका आमच्याकडे आले की आधी कचऱ्याचा डबा बघायचे, मग मला. डब्यात काय सापडतं त्यावर पुढच्या गप्पांचा रंग ठरायचा. एकदा माझ्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांच्यादेखत काकांनी डब्यातून टूथपेस्टचं टोपण उचललं, त्यावर फुंकर मारली आणि शर्टाच्या खिशात टाकलं. ते गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "घरी जेवायला घालतात ना यांना?"

घालतात, अगदी पोटभर. निर्मळ गावात आमच्या बिल्डिंगला लागूनच काकांची केळीची वाडी आहे, वाडीत घर आहे आणि घरात सुमनकाकी आहेत. टोपण हवं होतं देखाव्यातल्या तुपाच्या बरणीसाठी. काका दर गणपतीत देखावा करतात, आणि तो एकच: आगाशीच्या बाजारातलं त्यांचं जुनं किराणा दुकान, पाटावर मावेल एवढं. इतरांकडे केदारनाथ येतो, थर्माकोलचा बर्फ पडतो. काकांचा गणपती आपला दरवर्षी किराणा दुकानाशेजारी बसतो.

श्रावण लागायच्या आत तयारी सुरू होते. जुन्या गोणपाटाची बोटभर पोती शिवायची. त्यांत तांदूळ म्हणून खसखस, काळे वाटाणे म्हणून मोहरी. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचा तराजू, आणि तो काटा खरंच झुकतो. आगाशीचं दुकान म्हटल्यावर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, हवीतच. त्यासाठी खजुराचे बारीक काप केळीच्या वाळक्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायचे. त्यांना मुंग्या लागतात. "म्हणजे माल चांगला आहे," असं काकांचं म्हणणं.

कुणा पोराने हात लावला की, "दुकान आहे, खेळणं नाही." मोठ्यांनाही तेच. पूजेला आलेल्या गुरुजींनी एकदा निरांजन दुकानाच्या पायरीवर टेकवलं, त्यांचीही सुटका झाली नाही.

इतका चोख माणूस, पण दरवर्षी एखादी ढोबळ चूक ठरलेली. एका वर्षी चहाच्या पेटीला चिकटून रॉकेलचा डबा ठेवला होता. मी म्हटलं, "काका, चहाला वास लागेल."

"असू दे."

"अहो, पण कुणीही सांगेल..."

"राहू दे तो तिथंच." मी डब्याकडे हात नेला, तर पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे.

शेवटी मोदक वळता वळता काकींनी मला सगळं सांगितलं. दुकान दोघा भावांचं. थोरले दादा गल्ल्यावर बसायचे, काका माल बघायचे. मोठी दुकानं आली, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा दुकान विकायचा हट्ट काकांनी धरला. दादांनी सही केली आणि धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. मुलाकडे विरारला राहायला गेले. गणपती मात्र घराण्याचा आणि तो याच घरात बसतो, म्हणून वर्षातून एकदा येतात. फुलं वाहायची, काकींशी बोलायचं, जेवायचं आणि निघायचं.

"यांनी पहिल्यांदा देखावा केला, तेव्हा तराजू चुकून गल्ल्याच्या उजवीकडे टांगला गेला," काकी म्हणाल्या. "दादांनी वाकून बघितलं न् म्हणाले, 'काटा डाव्या हाताला होता.' तेवढंच. पण किती वर्षांनी बोलले! हे त्या दिवशी दोनदा जेवले. तेव्हापासून मुद्दाम चूक ठेवतात गं."

त्या दुपारी मी दादांना नीट पाहिलं. पांढरा सदरा, ताठ मान. वाकले आणि त्यांनी नाक मुरडलं. दोघांची घरची बोली वाडवळी, मी आपली माझ्या मराठीत सांगते. "आधी ते रॉकेल काढ तिथून."

"हो दादा," म्हणत काकांनी डबा उचलला. ओरडा खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला हसू आलं आणि रागही आला. एका वाक्यावर वर्ष काढायचं? सरळ पुढे होऊन 'दादा, चुकलं माझं' म्हणायला काय होतं? मी काकांना तसं म्हटलंही.

"पुढच्या वर्षी म्हणतो," ते म्हणाले. हेही मग दरवर्षीचंच झालं.

यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. चहाशेजारी रॉकेल होतंच, काटाही उजवीकडे होता. "दोन चुका, दोन वाक्यं," मला म्हणाले. "मध्ये जागा मिळाली की बोलून टाकतो."

दादा सुनेचा हात धरून आले. वाकले आणि खूप वेळ बघत राहिले. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"छान केलंय," ते म्हणाले. "अगदी असंच होतं आमचं दुकान." मग काकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही आला होतात का कधी?"

सुनेने मान खाली घातली. काका आधी तिच्याकडे बघत राहिले, मग दादांकडे.

"यायचो की," म्हणाले. "रोज."

"मग बसा ना. आमचा नरू आत माल काढतोय. येईल इतक्यात, तो देईल तुम्हाला."

काका बसले. दादा बोलत राहिले, अगदी मोकळेपणाने. नरू पोती कशी उचलतो, सुकेळी नुसती हातात घेऊन कशी पारखतो. "नरूच्या जिवावर दुकान चाललंय, मी नुसता गल्ल्यावर बसतो." इतक्या वर्षांची वाक्यं एका दमात काकांच्या वाट्याला येत होती. माझ्याच्याने तिथं उभं राहवेना.

निघताना काकांनी त्यांचे पाय धरले. "दादा, चुकलं माझं."

दादा गडबडले. त्यांनी काकांना हाताला धरून उठवलं. "अहो, तुमचं काय चुकणार? तुम्ही गिऱ्हाईक."

रिक्षा गेल्यावर काका देखाव्यासमोर येऊन बसले. चिमट्याने रॉकेलचा डबा चहापासून लांब नेला आणि काटा सोडवून डाव्या हाताला लावला. "आता बरोबरच लावतो," म्हणाले. "सांगणारं कोण राहिलंय?"

गणपती होऊन बरेच दिवस झाले. काका येतात, चहा घेतात, केळीचा भाव सांगतात आणि जातात. कचऱ्याच्या डब्याकडे बघत नाहीत. टोपणं मी धुऊन खिडकीत ठेवते आहे.