हरकत असल्यास कळवावे

पोरीचं लग्न जर्मनीत म्हणून काकासाहेबांनी हात टेकले असतील असं ज्याला वाटलं, त्याला काकासाहेब कळलेच नाहीत! "दाखलाच ना? चहा निवायच्या आत काढतो!" असं त्यांनी कावेरीला फोनवर ठणकावलं. कावेरी अविवाहित आहे, एवढंच लिहून हवं होतं. त्याशिवाय तिथली कचेरी लग्न नोंदवेना, नोंदीशिवाय नवऱ्या मुलाचा पाद्री आशीर्वाद देईना आणि तिथल्या देवळातले गुरुजी सप्तपदीला उभं करीनात! आईबापाला व्हिसा मिळाला नव्हता, त्यामुळे लग्न फोनवरच बघायचं होतं. त्या विषयावर काकासाहेब बोलत नसत.

खुलताबादजवळच्या त्यांच्या गावचे ग्रामसेवक म्हणाले, "आधी नोटीस लावू. आठवडाभरात हरकत नाय आली, की दाखला."

पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. 'कु. कावेरी अविवाहित आहे. हरकत असल्यास कळवावे.'

ज्या मुलखात पोरांना पोरी मिळेनात, तिथं हे आवतणच की! सकाळी दारात जीप. चिकलठाण्याचे पुंजाराम, सोबत कंपनीत लागलेला मुलगा आणि जीपभर पाहुणे.

"आमची काडीची हरकत नाय!" पुंजाराम हात जोडून म्हणाले.

"अहो, ठरलंय म्हणून सांगा की!" कावेरीची आई मनकर्णाबाई नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या.

"सांगतो. पोहे तर खाऊ दे."

काकासाहेबांनी मुलाला विचारलं, "चिकलठाण्याहून इकडं यायला लई येळ लागतो का?"

"छे! दर रविवारी आणून सोडीन."

दर रविवारी! काकासाहेबांनी मुलाला पुन्हा बशीभर पोहे वाढले.

मग रोज नवी जीप! वाण्याकडचे पोहे संपले, तरी काकासाहेबांच्या तोंडून नकार निघेना. शेवटी पुंजाराम परत आले आणि "पोरगी दाखवा!" म्हणून अडून बसले. तेवढ्यात कावेरीचा व्हिडिओ कॉल आला. सगळी डोकी फोनमध्ये घुसली.

"पोरी, सैपाक येतो का?"

"बाबा, हे कोण? हरकत घ्यायला आलेत?"

"नाय गं. ह्यांची हरकत नाय, तीच पंचाईत झालीय!"

मग खरं सांगावंच लागलं. पुंजाराम टोपी झटकून उठले. मुलगा मात्र जाताना काकासाहेबांच्या पाया पडला आणि काकासाहेब जीप वळेपर्यंत दारात उभे राहिले.

आठवडा भरला. ग्रामसेवकांनी दाखल्याचा कागद काढला. "कुणाचीच हरकत नव्हती ना, काकासाहेब?"

"व्हती एकाची."

"आँ? कुणाची?"

"मुदत संपली आता," काकासाहेब म्हणाले. "मारा शिक्का."