सिंदोजीमामांचे कोरडे हात

आमच्या लष्कर मोहल्ल्यात सिंदोजीमामांकडे गेलात, तर आधी हात दाखवावे लागतात. बोटांना डोशाचं लोणी दिसलं की दुकानात पाऊल नाही. ऑक्सिजनला तेलकट हात लागला तर भडका उडतो, म्हणून या माणसाने चाळीस वर्षं स्वतःच्या डोक्यालाही तेल लावलेलं नाही. केस कायम उभे, घाबरल्यासारखे.

दुकान सिलिंडरचं. हेब्बाळच्या वर्कशॉपांना वेल्डिंगसाठी, आजाऱ्यांना श्वासासाठी. प्रत्येक सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला, व्हॉल्व्हवर लोखंडी टोपी. "टोपी? साखळी?" मामा विचारणार, अन् हो म्हटलं तरी स्वतः हलवून बघणार. दसऱ्यात दुकानातल्या आयुधपूजेला यांनी भटजींच्या हातातला कापूर काढून घेतला होता! एकदा माझी स्कूटरही साखळीने बांधून ठेवली, मला शाळेत शिकवायला जायला उशीर. कडाडून भांडले मी. "पडली असती की अम्मा," एवढंच उत्तर.

गेल्या वर्षी मामींची फुप्फुसं थकली, नाकाला नळी आली. त्यातच त्यांनी लहानाची मोठी केलेल्या भाचीचं लग्न कृष्णराजनगरला ठरलं.

"मी जाणारच," मामी म्हणाल्या.

मामांचं तोंड एवढंसं झालं. भरलेला सिलिंडर टोपीशिवाय हलवायचा नाही, हा त्यांचा धर्म. आणि टोपी घातली तर नळी जोडायची कुठे? तासाभराची वाट! "बेडा गं, नको जाऊस," म्हणाले. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामा सुतारकामाला लागले. सिलिंडर घट्ट बसेल असा लाकडी साचा केला. मोटार माझी, चालवणार मीच, म्हणून घोर मलाही. रिकामा सिलिंडर ठेवून मला हेब्बाळपर्यंत तीन फेऱ्या मारायला लावल्या. "स्वल्प हळू, अम्मा!" सायकलवाले आमच्या पुढे गेले.

लग्नाच्या दिवशी त्यांनी पट्टे आवळले, खिडक्या उघडल्या, टोपी काढून नळी जोडली. मामींना बेल्ट लावून स्वतः खाली, त्यांच्या पायाशी उकिडवे बसले, सिलिंडरला मिठी मारून.

"मामा, तुम्हाला पट्टा नको?"

"मी पडलो तर नुसतं लागतंय, अम्मा." मग वाटभर, गतिरोधक दिसला की "हंप! हंप!" असं ओरडणं. माझा जीव मुठीत.

पोहोचलो एकदाचे. सिलिंडर मांडवाच्या खांबाला बांधला. मामींनी अक्षता टाकल्या, भाचीला पोटाशी धरून रडल्या. मलाही आवरेना.

पंगत बसली, तरी मामा खांबाशीच. सकाळपासून पोटात काही नाही. मी हाक मारली, तर म्हणाले, "पानात तूप वाढतात. तसल्या हाताने हिच्या हवेला कसं शिवू?"

मामींनी ऐकलं. मला चमचा आणायला लावला आणि भरल्या मांडवात नवऱ्यासमोर दहीभाताचा घास धरला.

"फोडणी?" मामांनी विचारलं.

"नाही घातलेली. मी सांगून करवलाय."

मामांनी आ केला. दोन्ही हात सिलिंडरवरच होते.