आक्का वर गेल्या

रोज सकाळी सात वाजता आमचे घरमालक सोनकांबळेसाहेब जिना चढून माझ्या दारात उभे राहायचे आणि म्हाताऱ्या बायकांची चौकशी करायचे.

"आक्का?"

"दिसल्या नाहीत."

"मावशी?"

"तशाच आहेत."

"आणि आत्याबाई?"

"कालच्यापेक्षा थोड्या खाली."

"हौ," म्हणून ते वहीत टिपून घ्यायचे, माझ्या वाट्याचा चहा प्यायचे आणि निघून जायचे.

या तिघी म्हणजे आकाशातले तारे. एरवी मिणमिणणारे किंवा दिसतही नसणारे, आणि एखाद्या रात्री अचानक भडकून शंभरपट उजळणारे; उजळले की 'वर', मंदावले की 'खाली'. नकाशात त्यांना इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत. पण नांदेडच्या एसटीडी बूथवरून ते ओरडून सांगताना बीचा डी व्हायचा, म्हणून साहेबांनी त्यांना नात्यातली नावं दिली. वर्षानुवर्षं गप्प बसून एके दिवशी घर डोक्यावर घेईल ती आक्का.

साहेब पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. मूळचे नांदेडकडचे, पण तीस वर्षं दक्खनी बोलणाऱ्या या शहरात, चिक्कडपल्लीत, काढल्यामुळे त्यांच्या मराठीत 'नक्को' आणि 'परेशान' मुक्कामाला आलेले. मी पुण्याहून एका संगणक कंपनीत नोकरीला आलो होतो. उदारीकरणानं देशाला काय दिलं ते तज्ज्ञ सांगतील. मला एक फोन दिला, कंपनीच्या खर्चानं. साहेबांचा फोनचा अर्ज सात वर्षं टेलिफोन खात्यात मुरत पडला होता. म्हणून खोली देताना त्यांनी मला एकच अट घातली, सकाळचे निरोप लिहून घ्यायचे. निरोप देणारे तिघं: नांदेडचे निवृत्त गुरुजी, सोलापूरचा एक औषधवाला आणि बिदरचा एक पोस्टमन. तिघांकडे दुर्बिणी, तिघांना साहेबांनी हातानं काढून दिलेले नकाशे, आणि तिघांवर साहेबांचा धाक.

धाक एकाच नियमाचा. "एकानं पाहिली तर अफवा, दोघांनी पाहिली तर बातमी." हा नियम ते आकाशापुरता ठेवत नसत. जवळच्याच हिमायतनगर भागातल्या दुकानात चांगले तांदूळ आलेत असं शेजारीण सांगायला आली, तर साहेब विचारायचे, "तुमच्यासोबत कोण होतं?" स्वतःसाठी मुलगी बघायला ते भावाला घेऊन गेले होते आणि दोघांची मतं जुळेनात म्हणून तिसऱ्याला पाठवलं होतं, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या. तिसऱ्याचं मत काय पडलं ते मात्र त्या सांगत नसत.

स्वतः साहेब कधी दुर्बिणीला डोळा लावत नसत. त्यांची दुर्बीण माझ्या खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. "सेनापतीनं तलवार चालवायची नसते, मियाँ," म्हणायचे. दिवे लागले की घराबाहेर पाऊल टाकत नसत. मी मनात नोंद केली: आळशी माणूस, मालिका बघत बसत असणार.

आक्कांची ते नऊ वर्षं वाट बघत होते. एवढं सगळं सैन्य खरं तर तिच्यासाठीच होतं. मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी गुरुजींचा फोन आला. "साहेबांना सांगा, काल रात्री आक्का वर गेल्या. मी एकटाच होतो."

साहेब ऐकून खालीच बसले. मग ताडकन उठले. "सोलापूरला लावा! बिदरला लावा! आज रात्री दुसरा माणूस पाहिजे. उद्यापासून नक्को, रेडिओवर सांगितलंय, समुद्रात वादळ आहे, सगळीकडे आभाळ येणार."

सोलापूरला औषधवाल्याच्या आईनं फोन उचलला. मी घाईघाईत निरोप दिला, "मुलाला सांगा, आक्का वर गेल्या."

"अगं बाई! कधी?"

"काल रात्री."

"जवळ कोण होतं?"

"गुरुजी एकटेच. आज रात्रीच बघून घ्यायला सांगा, उद्या काही दिसायचं नाही."

पलीकडे हंबरडा फुटला आणि फोन बंद झाला. मला वाटलं, काय ही खगोलशास्त्राची ओढ! उन्हं कलताना औषधवाल्याच्या फोनवरून कळलं, की सगळं घर दुकानाला कुलूप लावून बार्शीला गेलं. तिथं औषधवाल्याच्या सख्ख्या आक्कांनी, शेंगा निवडता निवडता, दार उघडलं. परतीची शेवटची बस चुकली. सोलापूर गेलं. बिदरला तर सकाळपासूनच पाऊस होता.

मी खाली जाऊन माझा पराक्रम सांगितला. साहेब रागावले नाहीत. ऊन असतानाच त्यांनी चादरीतली दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "आता तुम्हीच."

"मी? साहेब, मला चंद्रापलीकडे काही ओळखता येत नाही. तुम्हीच बघा ना."

"मला अंधारात दिसत नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. दिवे लागले की मी आंधळा. जिना पण दिसत नाही."

मला माझीच लाज वाटली.

अंधार पडला. साहेब कठड्याला पाठ टेकून, डोळे मिटून बसले आणि बोलू लागले. त्या ठळक ताऱ्यापासून डावीकडे. आता चुलीच्या दगडांसारखे तीन. त्यातल्या खालच्यापासून सरळ खाली. सगळं आकाश त्यांना पाठ होतं. मी चारदा चुकलो. ते चारही वेळा पुन्हा ठळक ताऱ्यापासून सुरू करत गेले. पाचव्या वेळी, त्यांच्या नकाशात पांढरी जागा होती तिथं, एक बारीक निळसर टिंब होतं.

"आहे," मी म्हटलं.

"नीट बघा. माझ्यासाठी म्हणू नका."

मी पुन्हा बघितलं. "आहे, साहेब."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "नऊ वर्षांमागं मी पाहिली होती, याच गच्चीवरून. एकट्यानं. परदेशातल्या संस्थेला कळवलं. त्यांनी नोंद छापली, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. दुसऱ्या कोणालाच दिसली नव्हती. दोन महिन्यांनी डॉक्टरनं डोळ्यांचं सांगितलं. मग मलाच कळेना, की पाहिली, का डोळ्यांनी थट्टा केली."

"साहेब, म्हणजे तुम्ही खरंच—"

"माझं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि उठण्यासाठी अंधारात माझा हात चाचपू लागले. "आधी नांदेडचा बूथ लावा. गुरुजींना बोलवून घ्यायला सांगा. सांगा, आम्हाला पण दिसली. त्या माणसाला एक रात्रसुद्धा एकट्याला ठेवू नका."