किनाऱ्यावरची विश्वासू व्यक्ती

"माणूस पाण्यानं बुडत नाही, घाईनं बुडतो!" मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली आणि निकाल देऊन टाकला. "आपलं टाचणीच्या टोकाएवढंही चुकणार नाही. लिहून ठेव!"

लिहून त्यांनी स्वतःच ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेल्या अख्ख्या प्लायवूडच्या फळीवर. भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचा जोर, किती मिनिटांत किती अंतर, आणि किती वाजेपर्यंत बेट गाठलं नाही तर मुकाट्यानं मागे फिरायचं. चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस तो. दोनदा मापल्याशिवाय लाकडाला करवत लावली नाही. लग्न ठरवायला गेले तेव्हा सासऱ्यांच्या घराचा उंबरठा बोटांनी मापत बसले होते म्हणतात!

"अरे, समोर दिसतंय ते बेट," पोस्टमन म्हणाले. "अडीच किलोमीटर. एवढ्या तयारीत माणसं चंद्रावर जाऊन परत आली."

पोस्टमन म्हणजे मिस्त्रींचे शेजारी, तेही आता निवृत्त. आयुष्यभर दारोदार चालत फिरले, त्यामुळे बसून करायच्या कुठल्याच प्रवासावर त्यांचा भरवसा नव्हता. दोघांनी बसायची ती लांबट, अरुंद कायाक पाहिली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ही होडी आहे की काकडी?"

पण एकट्यानं समुद्रात जायचं नाही, असं फळीवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं. आणि मिस्त्रींना जायचंच होतं.

समुद्रात तीन बेटं होती. मधल्यावर वस्ती नाही, बोट नाही, नुसते खडक आणि पक्षी. मिस्त्रींची बायको चाळीस वर्षं भांडी घासताना खिडकीतून त्या बेटाकडे बघायची आणि म्हणायची, "अहो, तिथून आपली ही खिडकी दिसत असेल का हो?"

"जाऊन बघू की. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी वारा बरोबर नसायचा. त्याच्या पुढच्या वर्षी वल्ही मनासारखी झालेली नसायची. मग एका नव्या होडीचं काम निघालं, मग गुडघे निघाले. ज्या माणसानं गावाला पन्नास होड्या बांधून दिल्या, त्यानं बायकोला अडीच किलोमीटर नेलं नाही. घाई नको म्हणून! आणि आठ महिन्यांपूर्वी ती गेली. कधी नव्हे ती घाई तिनंच केली. शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाली, "आता माझं काही जमत नाही. तुम्ही तरी बघून या."

मिस्त्रींनी दुसऱ्याच आठवड्यात फळी आणली.

कायाकवाल्या बाईंनी दोघांना उथळ पाण्यात शिकवणी दिली. उलटायचं, बाहेर यायचं, परत चढायचं. पोस्टमन पाच वेळा उलटले. त्यातल्या तीन वेळा कायाक जागेवर स्थिर होती. तरी महिन्याभरात दोघं तयार झाले. निघायच्या दिवशी बाईंनी कागद पुढे केला. पोचण्याची वेळ, परतीची वेळ, आणि खाली एक रिकामी ओळ: किनाऱ्यावरची विश्वासू व्यक्ती.

"इथं नाव आणि फोन लिहा," बाई म्हणाल्या. "पोचलात की त्यांना कळवायचं. ठरलेल्या वेळेत फोन आला नाही की ते आम्हाला कळवणार."

मिस्त्रींची पेन्सिल तिथंच अडली. लेक होती, नाही असं नाही. पण लेक गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षिका. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून तिचा पाय कायम ब्रेकवर! तिला सांगायचं म्हणजे बेत धक्क्यावरच बांधून ठेवायचा.

आणि खरं सांगायचं तर ही जागा कधी रिकामी नव्हतीच. नवी होडी बांधून झाली की मिस्त्री ती स्वतः समुद्रात फिरवून आणत. निघताना धक्क्यावरून घरी एक फोन, परतल्यावर एक. बायको उचलायची, "हं, बोला," म्हणायची आणि ठेवून द्यायची. काय बोलायचं असतं? जिवंत आहे, एवढंच तर कळवायचं.

त्यांनी ओळीवर लिहिलं: घर. पुढे घरचा नंबर.

"घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"असतं," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी धक्क्यावरून घरी फोन लावला आणि बारा वेळा वाजू दिला.

"अरे, घराला कुलूप आहे," पोस्टमन हळूच म्हणाले. "उचलणार कोण?"

"उचलायला नाही केला. कळवायला केलाय."

पोस्टमननी वल्हं उचललं. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. घेणारं कुणी नसलेली पत्रं त्यांनी कमी पाहिली नव्हती.

समुद्र परातीत पाणी ठेवावं तसा होता. पोस्टमन पुढे, मिस्त्री मागे. अर्ध्या वाटेत पोस्टमन म्हणाले, "वळून बघ की आता, दिसते का तुझी खिडकी!"

"बेटावरून बघायचं ठरलंय. वल्हं मार."

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी बायकोची पिवळी चादर खिडकीतून बाहेर सोडली होती. एवढ्या लांबून खिडकी ओळखू यावी म्हणून. ही चादर आठ महिन्यांत त्यांनी धुतली नव्हती, आणि कुणाला धुवूही दिली नव्हती. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

ठरलेल्या वेळेच्या आठ मिनिटं आधी कायाकचं नाक वाळूला लागलं. मिस्त्रींनी गळ्यातली प्लास्टिकची पिशवी उघडून फोन बाहेर काढला.

"आधी उतरू, मग फोन कर," पोस्टमन म्हणाले.

"पोचताच असं लिहिलंय. उतरताच नाही!"

फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मिस्त्री शांतपणे मोजत होते.

आणि पलीकडून बायको म्हणाली, "हं, बोला."

मिस्त्री ताडकन उभे राहिले! काकडीत कुणी उभं राहतं का? कायाक उलटली, पोस्टमन "बुडालो! मेलो रे!" म्हणून ओरडले, आणि फोन डुबकन पाण्यात गेला. पाणी गुडघाभर होतं. पण महिनाभराची शिकवणी वाया जाऊ नये म्हणून पोस्टमननी श्वास रोखला, डोळे मिटले आणि नियमाप्रमाणे होडीला घट्ट धरून पडून राहिले.

"उठ," मिस्त्री पाण्यात उभे राहून म्हणाले. "तिनं फोन उचलला."

"कुणी?"

मिस्त्री खडकावर चढले आणि किनाऱ्याकडे बघू लागले. घरांची एक राखाडी रेघ. शंभर खिडक्या, सगळ्या सारख्या. पिवळं काही नाही. कपाळावर हात धरून डावीकडून उजवीकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे पाहिलं. दोनदा मापलं. काही नाही.

"नाही दिसत," ते म्हणाले आणि ओल्या कपड्यांनिशी खाली बसले. चाळीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि हे सांगायचंही कुणाला?

वीस मिनिटांत बचावबोट भोंगा वाजवत येऊन ठेपली. बोटीवरचा प्रमुख तांडेल दोर घेऊन उडी मारायच्या तयारीत होता.

"बुडालेले कोण?"

पोस्टमननी हात वर केला.

तांडेलानं एकदा त्या गुडघाभर पाण्याकडे पाहिलं आणि आपला फोन मिस्त्रींच्या हातात दिला. "काका, घरून फोन आहे. जरा कान लांब धरा."

"बाबा!" तोच आवाज. मिस्त्रींनी डोळे मिटले. आईचाच आवाज लेकीनं घेतला होता, आणि आठ महिन्यांत हे त्यांच्या कानाला कसं कळलं नव्हतं? "मी सहज घरी आले होते, तेवढ्यात फोन वाजला! उचलला, तर बुडालो, मेलो! आणि समोर तुमची ती फळी. कायाकवाल्या बाईंना फोन करून बोट पाठवली, तर कळलं, कागदावर विश्वासू व्यक्ती म्हणे घर! रिकाम्या घराला सांगून जाता? मग मी कोण?"

"तुला काळजी वाटली असती."

"वाटायलाच हवी होती! त्यासाठीच तर माणूस ठेवतात ना किनाऱ्यावर?"

तिला रडू फुटलं. मिस्त्रींनी विचारलं, "खिडकीत चादर होती ती?"

"पक्ष्यांनी घाण केली होती. आल्या आल्या मशीनमध्ये टाकली. का?"

खडकावर पाणी आपटत होतं. पोस्टमन दुसरीकडे बघू लागले.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. तुझी आई विचारायची ना..."

लेकीनं लहानपणापासून तो प्रश्न ऐकलेला. मग पलीकडून मशीनचं दार आपटल्याचा आवाज आला, फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज आला आणि नाक ओढल्याचा.

"ओलीच लावतेय," ती म्हणाली. "बघा आता."

मिस्त्री उभे राहिले. राखाडी रेघेवर, डावीकडून तिसऱ्या उंचवट्याजवळ, मोहरीच्या दाण्याएवढं पिवळं काहीतरी उघडलं आणि हललं.

"दिसते," मिस्त्री म्हणाले. "दिसते गं. चांगली दिसते."

"मी पण हात हलवतेय!"

ती काही दिसत नव्हती. "तूही दिसतेस," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते न मापता बोलले.

परतीच्या वाटेवर कायाक दोरानं मागे बांधलेली, पोस्टमन घोंगडं पांघरून बचाव झालेल्या माणसासारखे बसलेले. तांडेलानं अहवालाचा कागद काढला. हवामान: उत्तम. समुद्र: शांत. तयारी: पूर्ण. लाइफ जॅकेट: दोघांचीही. शेवटच्या रकान्यात त्याचा पेन थांबला.

"काका, सगळं तर बरोबर होतं तुमचं. मग दुर्घटनेचं कारण काय लिहू?"

मिस्त्रींनी विचार केला. मग सांगितलं. तांडेलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काही न विचारता तसंच लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे दोनदा वाचलं आणि सही केली.

कारण: घरी फोन उचलला गेला.