लिफ्टमधलं परमिट

लिफ्टचा नुसता आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय ते मी सांगते, असं भाची छातीठोकपणे सांगायची, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायची. परदेशात येऊन तिने यंत्रांचं शिक्षण घेतलं होतं, त्यातही लिफ्टचं. बंद दारामागे काय चाललंय हे कळल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. लहानपणी तिच्या तावडीतून घरातलं एकही घड्याळ धड सुटलं नव्हतं. मावशी तिला 'चौकशीखातं' म्हणायची.

मावशी या शहरात कितीतरी वर्षांपासून राहत होती. आता ती इथलीच नागरिक होती आणि घरी बसून लोकांचे कपडे शिवून द्यायची. भाची तिच्याकडे राहूनच शिकली, पदवी मिळवली, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तिची नोकरीही ठरली. घोडं अडलं होतं ते परमिटपाशी. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर इथे काम करायचं तर सरकारचं परमिट लागतं, आणि ते काही केल्या येत नव्हतं. कंपनीच्या मॅनेजरबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, की सोमवारी परमिट घेऊन ये, नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

कॉलेजातल्या सल्लागाराने दोघींना समोर बसवून बजावलं होतं, की परमिट हातात पडेपर्यंत कसलंही काम करायचं नाही, अगदी फुकटसुद्धा नाही. तो बोलत होता नोकरीधंद्याबद्दल. पण मावशी सरकारला फार भिऊन असायची. घरी आल्या आल्या तिने भाचीच्या हातातला झाडू काढून घेतला आणि म्हणाली, "ठेव तो. कुणी पाहिलं म्हणजे?"

भाची खुलासा करणारच होती. पण तेवढ्यात तिला सिंकमधला भांड्यांचा ढीग दिसला आणि खुलासा घशातच राहिला. तेव्हापासून मावशी भांडी घासायची, आणि भाची सोफ्यावर पाय घेऊन तिला विचारायची, की वरच्या मजल्यावर पाण्याला जोर कमी का असतो, तुला कधी प्रश्न पडला नाही का गं?

दुपारी खालच्या दाराची बेल वाजली. पोस्टमन होता. सहीचं टपाल आहे, वर येतो, म्हणाला. भाची जिन्यापाशी धावली. इमारतीतली लिफ्ट जुनी होती, बाहेरचं दार हाताने ओढून उघडायचं. त्याचा खटका सैल झाला होता, त्यामुळे लिफ्ट समोर नसतानाही ते थोडं किलकिलं व्हायचं. हे भाचीच्या केव्हाच लक्षात आलं होतं. लिफ्ट वर येताना दोर कसे सरकतात हे एकदा बघायचंच, असं तिच्या मनात होतं. काम करायची बंदी आहे, बघायची थोडीच आहे! तिने दार बोटभर ओढलं आणि फटीला डोळा लावला.

पोस्टमनला घेऊन वर येणारी लिफ्ट गचकन थांबली. निम्मी खालच्या मजल्यावर, निम्मी अधांतरी.

का थांबली हे भाचीला लगेच कळलं. दार पक्कं मिटल्याशिवाय लिफ्टने हलायचं नाही, अशी सोयच असते. परीक्षेत तिने हेच उत्तर लिहिलं होतं. तिने दार लोटलं. सैल खटका पुन्हा निसटला. तिने मावशीकडे पेचकस मागितला. मावशी साबणाच्या हातांनीच बाहेर आली. "इतके दिवस तुला चमचा उचलू दिला नाही," ती म्हणाली, "आणि आज लिफ्ट दुरुस्त करतेस?"

भाचीने फटीतून पोस्टमनला विनवलं, की पाकीट इथूनच द्या. आत तो एकसारखी बटणं दाबत होता. तो म्हणाला, निसटलं तर थेट खड्ड्यात जाईल, आणि ओळखपत्र आणि चेहरा पाहिल्याशिवाय मी देतही नाही. तुमचा तर मला एकच डोळा दिसतोय. शिवाय त्याची पाळी संपत आली होती. टपाल परत गेलं, तर ते मंगळवारीच पुन्हा बाहेर पडणार होतं.

मंगळवार म्हणताच भाचीला रडू फुटायचं बाकी राहिलं. लिफ्टवर दुरुस्तीवाल्यांचा नंबर होता, तो तिने फिरवला. फोन उचलला तिच्याच मॅनेजरबाईंनी.

"आज पाठवायला माणूस नाही," बाई म्हणाल्या. "एक नवी मुलगी घेतलीय, पण तिचं परमिट अजून आलेलं नाही."

"आलंय," भाची म्हणाली. "लिफ्टमध्ये आहे."

बाईंनी आवाज ओळखला. बिघाड कसला ते त्यांनी नीट विचारून घेतलं, आणि मग निक्षून सांगितलं, की हात लावू नकोस, परमिटशिवाय काम केलंस तर तुझ्याबरोबर कंपनीही गोत्यात येईल.

भाचीने ऐकलं, हो म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच पेचकस आणायला घरात शिरली. ती परत आली तेव्हा मावशी लिफ्टच्या दाराला पाठ लावून, हात पसरून उभी होती. "आधी मला बाजूला कर," ती म्हणाली, आणि सगळा भार दारावर टाकला. मावशीचा भार चांगला भरभक्कम होता.

खट्. आत घरघर सुरू झाली आणि लिफ्ट वर आली. मग मावशीला पाठीमागून कुणीतरी ढकलू लागलं.

"बाई," आतून पोस्टमन म्हणाला, "जरा सरकता का?"

चेहरा झाला, ओळखपत्र झालं, सही झाली. पाकिटात परमिटच होतं. भाचीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. फोनवर बाई ताटकळल्या होत्या.

"लिफ्ट कुणी चालू केली?"

"मावशीने."

"तिने काय केलं?"

"टेकली."

बाईंनी विचारलं, "तिला इथे काम करता येतं का?"

"ती इथली नागरिक आहे."

"मग सोमवारी तिलाही घेऊन ये."

भाची नाचतच घरात आली. मावशीने पदराला हात पुसले, परमिट हातात घेतलं आणि सावकाश वाचलं. "म्हणजे आता तुला काम करता येतं?"

"हो मावशी, कुठेही, कसलंही!"

मावशीने परमिट तिला परत दिलं. दुसऱ्या हातात भांड्यांची घासणी दिली आणि आपण सोफ्यावर पाय घेऊन बसली.

भाचीने परमिट उलटंसुलटं करून बारीक अक्षरातल्या सगळ्या अटी वाचून काढल्या. भांड्यांना सरकारची कुठेच हरकत नव्हती.